कारवार-अंकोल्याला जमीन घ्यायची किंवा डेव्हलप करायची असेल तर: बेळगाव-खानापूरकडच्या लोकांसाठी सविस्तर

अंकोल्याजवळ केणीला नवीन बंदर होणार ही बातमी आल्यापासून आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत सुद्धा एकच विषय निघतोय, कारवार-अंकोल्याला जमीन घ्यावी काय. कुणाचं शेत बायपासमध्ये गेलं आणि नुकसानभरपाई आली, कुणी शहापुरातलं जुनं घर विकलं, कुणाची रिटायरमेंटची रक्कम बँकेत पडून आहे, आणि एजंट रोज व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवतोय. घेऊ नका असं मी म्हणत नाही. त्या पट्ट्यात खरंच वाव आहे असं माझं मत आहे. पण व्यवहार करताना एक प्रश्न स्वतःला विचाराच, बंदर दहा वर्षं आलंच नाही तरी ही जमीन मला या भावात परवडते काय? उत्तर हो असेल तरच पुढं जा. खालचं सगळं त्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी तिथं काय आहे आणि काय येणार आहे ते वेगळं करा

आज असलेलं काय? बैतखोलचं कारवार बंदर, डांबर आणि पेट्रोलियमचा माल उतरतो. अर्ग्याचा नौदलाचा तळ, आयएनएस कदंब, २००५ पासून चालू आहे आणि सीबर्ड या नौदल प्रकल्पाचा पुढचा टप्पा चालू आहे, एप्रिल २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी तिथल्या दोन हजार कोटींच्या वरच्या कामांचं उद्घाटन केलं. कैग्याचा अणुप्रकल्प, त्यात पाच आणि सहा नंबरच्या युनिटचं काम. बिणग्याचा केमिकल कारखाना, कारवारचं सरकारी मेडिकल कॉलेज, जिल्ह्याची सगळी ऑफिसं, कोकण रेल्वे, चारपदरी ६६ नंबरचा हायवे. हे सगळं डोळ्यानं दिसतं, आणि त्यामुळं पगारदार माणूस तिथं राहतोय.

आता येणार असलेलं. अंकोल्याजवळ केणीला नवीन बंदर, २०२३ मध्ये जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरला मिळालं, सुरुवातीची क्षमता वर्षाला ३० दशलक्ष टन आणि खर्चाचा आकडा ४,११९ कोटी. अलगेरीला नौदलाचा विमानतळ आणि त्याला लागून नागरी टर्मिनल. हुबळी-अंकोला रेल्वे. ऐकायला भारी वाटतं, पण ही रेल्वे ९० च्या दशकापासून ऐकतोय की आपण, जंगल आणि वन्यजीवांच्या परवानगीत अडकून पडली आहे. केणीला मच्छीमारांचा जोरदार विरोध आहे, आणि कारवार बंदराचा विस्तार सुद्धा मच्छीमारांच्या आंदोलनानंतर २०२० मध्ये हायकोर्टात अडकला. मच्छीमारांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला अजिबात वाटत नाही, त्यांचं पोट किनाऱ्यावर आहे. पण गुंतवणूक करणाऱ्यानं एवढं समजून घ्यावं की अशा प्रकल्पाची तारीख कुणीही देऊ शकत नाही, एजंट तर नाहीच नाही.

आणि एक जुनी गोष्ट आठवा. २०१० पर्यंत बळ्ळारीचं लोहखनिज कारवार आणि बेलेकेरीतून बाहेर जायचं, हायवेला ट्रकची रांग संपत नव्हती. २०१० मध्ये बेकायदा खनिजाचं प्रकरण बाहेर आलं, राज्य सरकारनं निर्यात बंद केली, आणि ट्रकच्या जोरावर चालणारे गॅरेज, ढाबे, भाड्याच्या खोल्या सगळं एकदम बसलं. एकाच मालावर चालणाऱ्या बंदराच्या भरवशावर भाव लावला की असं होतंय.

कुणासाठी बांधणार ते ठरवा, मग जागा बघा

आपली माणसं उलटं करतात, आधी स्वस्त जागा घेतात आणि मग इथं काय करता येईल म्हणून विचारत फिरतात.

नौदल आलं म्हणजे हजारो फ्लॅट लागणार असा हिशोब बरेच जण करतात. पण नौदल आपल्या लोकांसाठी स्वतःची क्वार्टर्स बांधतंय, अमदळ्ळीकडं मोठी वसाहत आहे. बाहेर राहणारे कोण, तर कॉन्ट्रॅक्टरचे इंजिनिअर, सुपरवायझर, मेडिकल कॉलेजचा स्टाफ आणि विद्यार्थी, बदलीवर आलेले सरकारी नोकर. यांना विकत घ्यायचं नसतंय, भाड्यानं पाहिजे असतंय, एक-दोन बेडरूमचं, पाणी आणि पार्किंग असलेलं. म्हणून कारवार शहर, कोडीबाग, शिरवाड या बाजूला चार-सहा घरांची छोटी बिल्डिंग मला मोठ्या स्कीमपेक्षा जास्त पटते. काळी नदीच्या पलीकडं सदाशिवगड, माजाळी बाजूला गोव्याचं गिऱ्हाईक येतं, तिथं भाव आधीच चढलेला असतो हे लक्षात ठेवा. अंकोल्याला हुबळीचा रस्ता हायवेला मिळतो, ट्रक थांबतात, म्हणून तिकडं गोडाऊन, वर्कशॉप, पार्किंग यार्ड असलं काम आज सुद्धा चालतं आणि केणी झालं तर वाढेल. बंदर हा बोनस, मी म्हणतो ते हेच.

बीच व्ह्यू रिसॉर्टचं स्वप्न असेल तर पुढचा भाग दोनदा वाचा.

सीआरझेड, जंगल, डोंगर आणि पाणी

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि आपल्याला बेळगावात याची सवयच नाही, आपल्याकडं समुद्र नाही ना.

समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनारा नियंत्रण क्षेत्राचे नियम, लागतं. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणं ग्रामीण भागात जिथं लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर आहे तिथं पहिल्या ५० मीटरात आणि बाकी गावात पहिल्या २०० मीटरात नवीन बांधकाम बंद. शहरी भागात जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच परवानगी मिळू शकते. फक्त समुद्रच नव्हे, काळी आणि गंगावळी नद्यांच्या ज्या खाडीत भरतीचं पाणी येतं तिच्या काठाला पण सीआरझेड आहे, आणि खाडीकाठचा प्लॉट शांत सुंदर म्हणून पटकन विकला जातो. ग्रामपंचायतीनं परवानगी दिली म्हणजे झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कोचीजवळ मरडूला लोक राहत असलेल्या फ्लॅटच्या टोलेजंग इमारती सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं जानेवारी २०२० मध्ये स्फोटानं पाडल्या, कारण हेच, सीआरझेड, आणि परवानगी स्थानिक संस्थेचीच होती. सर्व्हे नंबर घेऊन किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर जागा कुठं पडते ते लेखी घ्या, पर्यावरण खात्याचं प्रादेशिक संचालकांचं ऑफिस कारवारातच आहे.

दुसरं जंगल. उत्तर कन्नड जिल्ह्याचा बहुतेक भाग वनखात्याकडं आहे. कित्येक कुटुंबं पिढ्यानपिढ्या जंगलातली जागा कसतात, घरं आहेत, नारळाची झाडं आहेत, पण मालकी सरकारची. अशी जागा 'ताबा आमचाच आहे' म्हणून विकायला काढली जाते. त्या लोकांचा हक्काचा लढा वेगळा आहे, तो त्यांना मिळायलाच पाहिजे, पण विकत घेणाऱ्याला तिथं काही मिळत नाही.

तिसरं डोंगर. १६ जुलै २०२४ ला अंकोला तालुक्यात शिरूरला हायवेच्या कडेला डोंगर खाली आला, माणसं गेली, ट्रक गंगावळीत गेला. डोंगर कापून सपाट केलेला प्लॉट असेल तर मागं किती उंच कडा आहे, पाण्याला वाट आहे काय, रिटेनिंग वॉल कुणी बांधली हे बघा. तिथं पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, म्हणून जागा एकदा तरी जुलैमध्ये बघाच. डिसेंबरात सगळीच जागा छान दिसते. जुलैत गेला की पाणी कुठं तुंबतंय, रस्ता राहतोय काय, सगळं आपोआप कळतं. काळीच्या काठाला वरच्या भागात कद्रा, मल्लापूरकडं घेत असाल तर कद्रा धरणातून पाणी सोडल्यावर २०१९ आणि २०२१ ला कुठपर्यंत पाणी आलं होतं ते गावातल्या लोकांना विचारा, ते भिंतीवरची खूण दाखवतात.

आणि एप्रिल-मे मध्ये विहिरीचं पाणी चाखून बघा. किनाऱ्याजवळ उन्हाळ्यात गोडं पाणी खारं होतंय. टँकरवर बिल्डिंग चालत नाही.

कागद

सगळे कागद कन्नडमध्ये असतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांना बोलता येतं पण सरकारी कन्नड वाचता येत नाही, आणि लाजेनं कुणी विचारत नाही. लाजू नका. ओळ न् ओळ वाचून घ्या, एजंटाकडून नाही, आपल्या माणसाकडून. वकील कारवारचा किंवा अंकोल्याचा धरा, बेळगावचा वकील कितीही चांगला असला तरी तिथल्या कुळाच्या आणि जंगलाच्या भानगडी तिथल्यालाच माहीत.

उतारा म्हणजे आरटीसी, पहाणी, भूमी या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन निघतो. नऊ नंबरच्या कॉलममध्ये मालकाची नावं, दहात जमीन त्याच्याकडं कशी आली, अकरात बोजा. सातबाऱ्याची सवय असलेले चंदगड-गडहिंग्लजचे पाहुणे फक्त नाव बघून खूश होतात, अकरावा कॉलम सोडून देतात, तिथंच सोसायटीचं कर्ज किंवा कोर्टाचा मनाई हुकूम लिहिलेला असतोय. क्षेत्रात 'खराब' किती आहे ते बघा, त्यातला ब खराब म्हणजे नाला, रस्ता, स्मशान असली सार्वजनिक जागा, तिचे पैसे देऊ नका. उताऱ्यावर 'अरण्य', 'सरकारी', 'गोमाळ' म्हणजे गायरान, यातलं काहीही दिसलं की तिथंच थांबा.

मग जुने उतारे आणि फेरफार, शक्य तेवढे मागचे, निदान १९७४ च्या आधीपर्यंत. कारण त्या साली कूळकायदा बदलला आणि किनारपट्टीच्या कितीतरी जमिनी कुळांच्या नावावर गेल्या. कुळाला जमीन मिळाल्याचा कागद आहे काय, विक्रीबंदीची १५ वर्षं संपली काय, हे वकिलाकडून लिहून घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारनं दिलेली जमीन असेल तर १९७८ चा कायदा लागतो, सरकारची आधी परवानगी नसेल तर व्यवहारच रद्द, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपली असं म्हणून पण सुटता येत नाही. गरीब माणसाची जमीन वाचावी म्हणून केलेला कायदा आहे तो, त्यातून पळवाट काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका.

ईसी, ज्याला तिथं ऋणभार प्रमाणपत्र म्हणतात, कावेरी या नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर २००४ नंतरचं ऑनलाइन मिळतं, त्याच्या आधीचं सब-रजिस्ट्रारकडून हातानं काढून घ्यावं लागतं. निदान ३० वर्षांचं काढा.

वारसांबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त केसेस इथंच होतात. कारवारकडची अर्धी कुटुंबं मुंबईला आणि गोव्याला आहेत, उताऱ्यावर आजोबांचं नाव, गावात एक काका राहतो आणि तोच विकायला उभा. काकाच्या मनात खोट नसेलही, पण सही सगळ्यांची लागते. मुलींचा हक्क विसरूच नका, कर्नाटकात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना १९९४ पासूनच हक्क आहे, नंतर २००५ चा केंद्राचा कायदा आला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो जन्मापासूनचा हक्क आहे म्हणून स्पष्ट सांगितलं. वंशावळ मागा, प्रत्येक बहिणीची सही नाहीतर रजिस्टर्ड हक्कसोड, आणि जाहीर नोटीस एका कन्नड पेपरात आणि मुंबई-गोव्यात वाचला जाणाऱ्या एका पेपरात द्या. दोन-चार हजार जातात, जाऊ देत.

हद्दीसाठी दिशांक ॲप फोनवर घ्या, जागेवर उभं राहून उघडलं की सर्व्हे नंबर दिसतो, एजंट दाखवतोय ती जागा आणि कागदावरची जागा एकच आहे काय ते पाच मिनिटात कळतं. पण ॲप म्हणजे मोजणी नव्हे. सर्व्हे नंबरातला तुकडा घेत असाल तर ११ ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणीचा नकाशा, झालंच पाहिजे, आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजारच्यांना पण बोलवा.

शेतजमीन, एनए, आणि 'पंचायतीचा प्लॉट'

२०२० च्या दुरुस्तीनं कर्नाटकात ७९ अ आणि ७९ ब ही कलमं गेली, म्हणजे शेतकरी नसलेल्याला पण शेतजमीन घेता येते, महाराष्ट्रासारखा शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही. सिलिंगची मर्यादा मात्र आहे, आणि बारमाही सरकारी पाण्याखालची अ वर्गाची जमीन शेतीसाठीच वापरायची आहे.

बांधायचं असेल तर जमीन महसूल कायद्याच्या ९५ कलमाखाली एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, पाहिजे. आधी मास्टर प्लॅनमध्ये झोन बघा, पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती. हिरव्यातली जागा 'नंतर पिवळी होईल' म्हणून पिवळ्याच्या भावात देतात, असल्या व्यवहारात पडू नका.

आपल्या बेळगावात उपनगरात बॉण्डवर गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट विकून किती जणांना अडकवलंय हे सगळ्यांना माहीत आहे, बाँड पेपर म्हणजे खरेदी नव्हे. तोच प्रकार आता तिकडं चालू आहे. ग्रामपंचायत हद्दीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे, फॉर्म ९ आणि ११ अ मागा. ११ ब असेल तर लेआउट मंजूर नाही असं समजा, बँक कर्ज देत नाही आणि पुढं विकताना पण त्रास. आणि वटमुखत्यारवर खरेदी होत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय.

लेआउट पाडायचा असेल तर हिशोब

समजा एक एकर घेतली. ४० गुंठे, गुंठ्याला १,०८९, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. यातला रस्ता, बाग, सार्वजनिक जागा सोडून हातात साधारण ५५ टक्के राहतात असं धरा, जागा वेडीवाकडी असेल तर कमी. म्हणजे २३,९५८ चौरस फूट, ३० बाय ४० चे १९ प्लॉट. आता जमिनीची किंमत, स्टॅम्प, एनए, रस्ता, गटार, लाईट, पाणी आणि दोन-तीन वर्षांचं व्याज हे सगळं मिळून या १९ प्लॉटवर वाटा, ४० गुंठ्यांवर नाही. बहुतेकांचा हिशोब इथंच फसतोय, एजंट एकराचा भाव सांगतो आणि आपण मनात ४० गुंठे विकून मोकळे होतो. शिवाय प्लॉट एकदम विकता येत नाहीत, कामं होतील तसे टप्प्याटप्प्यानं सोडले जातात. हायवेला लागून असेल तर हायवेची बिल्डिंग लाईन आणि नौदलाच्या हद्दीजवळ असेल तर त्यांची एनओसी, दोन्ही प्लॅन काढायच्या आधी विचारा.

५०० चौरस मीटरच्या वरची जमीन किंवा आठाहून जास्त फ्लॅट असतील तर रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालची, नोंदणी सक्तीची, नोंदणीआधी जाहिरात सुद्धा करायची नाही. गिऱ्हाईकाकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, करार रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, आणि बांधकामातल्या दोषाची जबाबदारी पाच वर्षं. लहान बिल्डरला हे जड वाटतंय पण माझं म्हणणं, गिऱ्हाईक बेळगावात बसून कारवारला फ्लॅट घेणार तर त्याला दुसरा आधार तरी काय आहे.

जॉइंट डेव्हलपमेंट करणार असाल, म्हणजे जमीन त्यांची आणि पैसा-बांधकाम तुमचं, तर करारात चार गोष्टी आकड्यात लिहा, कुणाला कुठल्या मजल्यावरचं किती, प्लॅन किती महिन्यात, बांधकाम किती महिन्यात, आणि उशीर झाला तर महिन्याला काय. करार रजिस्टर करा. रेरात जमीनमालक पण प्रवर्तक धरला जाऊ शकतो हे त्या मालकाला समजावून सांगा, बिचाऱ्याला माहीत नसतंय.

बांधकामाचं थोडक्यात: हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच धरा, वाळूची कायम अडचण असते म्हणून एम-सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, भाव आधी काढा, भिंतीला तिथला चिरा चांगला, आणि खाऱ्या वाऱ्यानं सळी गंजते म्हणून काँक्रीटच्या कव्हरमध्ये अजिबात काटकसर नको.

पैसे देताना

इसारा दिला की लगेच साठेखत, आणि साठेखत रजिस्टर. वीस हजार आणि त्यावरची रक्कम रोखीनं घेणं-देणं इन्कम टॅक्समध्ये बसत नाही, 'अर्धे ब्लॅक' म्हणणाऱ्याकडं जाऊच नका, उद्या व्यवहार मोडला तर त्या अर्ध्याचा पुरावा तुमच्याकडं नसतो. ५० लाख किंवा त्यावरचा व्यवहार असेल तर एक टक्का टीडीएस घेणाऱ्यानं कापून भरायचा, ग्रामीण शेतजमीन त्यातून सुटते.

खर्च धरा: स्टॅम्प ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि रजिस्ट्रेशन फी ऑगस्ट २०२५ च्या शेवटापासून १ ची २ टक्के झाली, एकूण साडेसात टक्क्यांच्या थोडं वर. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के, स्वस्त घराच्या व्याख्येत बसला तर १, पूर्णत्वाचा दाखला आल्यावर विकलेल्याला नाही, नुसत्या जमिनीला पण नाही.

कर्ज लागत नसलं तरी एखाद्या सरकारी बँकेत कागद देऊन बघा. बँकेच्या वकिलानं नाही म्हटलं तर का म्हटलं ते विचारा, फुकटात दुसरं मत मिळतंय.

खरेदीपत्र झाल्यावर फेरफार आपल्या नावावर झालाय काय ते भूमीवर स्वतः बघा, 'होतंय ओ' यावर सोडू नका. घरपट्टी किंवा शेतसारा आपल्या नावानं भरा, चारी कोपऱ्यांना दगड, तारेचं कुंपण, आपल्या नावाचा बोर्ड, आणि शेजारच्या घराशी ओळख ठेवा, सणाला जाताना कुंदा घेऊन जा. दर सहा महिन्यांनी उतारा आणि ईसी काढून फाईलला लावत चला, आणि अणशी घाटातून उतरून वर्षातून दोन वेळा तरी जागेवर जाऊन या, एक फेरी पावसातली.